पंचेचाळीस नंबरचा शर्ट कपाटात का गेला

पत्र :

ताई, मी मूळचा डोंबिवलीचा. २००५ साली नोकरीनिमित्त शिकागोजवळ नेपरव्हिलला आलो. त्याच वर्षी व्हाइट सॉक्स या शिकागोच्या बेसबॉल टीमने ८८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकली आणि मी त्या टीमचा झालो तो झालोच. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. २०२४ मध्ये आमची टीम १२१ सामने हरली, तरी ती माझ्याबरोबर स्टेडियमवर यायची, ती फक्त गॅरेट क्रोशे या पिचरसाठी, म्हणजे बॉल टाकणाऱ्यासाठी. त्याचा ४५ नंबरचा शर्ट तिने वाढदिवसाला मागून घेतला होता. डिसेंबरमध्ये टीमने त्याला बॉस्टनला ट्रेड केलं. ती रडली. मी तिला समजावलं की रीबिल्डमध्ये, म्हणजे टीम नव्याने बांधताना, असंच असतं, एकाच्या बदल्यात चार तरुण खेळाडू आले आहेत.

१३ एप्रिल २०२५ च्या रविवारी क्रोशे बॉस्टनकडून आमच्याविरुद्ध पिचिंग करायला आला. ती तोच शर्ट घालून टाळ्या वाजवत होती. नऊपैकी आठव्या इनिंगपर्यंत आमचा एकही हिट (बॉल मारून बेस गाठणं) नव्हता. मग चेस मायड्रॉथने हिट मारला. हा त्या चौघांपैकीच एक. मी उडी मारून ओरडलो, "बघ! याला म्हणतात ट्रेड!" ती काही बोलली नाही. घरी आल्यावर शर्ट कपाटात गेला तो आजतागायत बाहेर आलेला नाही. माझ्याबरोबर एकही मॅच तिने पाहिली नाही.

दिवाळीच्या फराळाला मेहुणा आला आणि आमचा सेंटर फील्डर लुईस रॉबर्ट याला ठेवावं की विकावं यावरून आमचं इतकं वाजलं की बायको उठून आत गेली. माझी आई साताऱ्याहून आली आहे. ती म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागता?" मुलगी मामाच्या बाजूने. मला मनापासून वाटतं की टीम योग्य मार्गावर आहे. हे मुलीला कसं पटवून देऊ?

— एक बाबा, नेपरव्हिल

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या आठव्या इनिंगपाशी थांबले. बाकी सगळं बोलू, रॉबर्टवरही बोलू. पण आधी तुम्हाला एक सरळ सांगते. क्रोशेचा ट्रेड बरोबर होता असं मलाही वाटतं. आणि तरीही त्या रविवारी तुमचं चुकलं.

ट्रेड का बरोबर होता हे तुम्हाला माहीत आहे, पण हे सदर वाचणाऱ्या अनेकांना बेसबॉल नवीन आहे, म्हणून थोडक्यात सांगते. मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू साधारण सहा वर्षं आपल्या टीमला बांधलेला असतो. त्यानंतर तो मोकळा, जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे जातो. क्रोशेची त्यातली दोनच वर्षं उरली होती. तुमच्या टीमने इतिहासात कोणाही खेळाडूशी केलेला सगळ्यात मोठा करार ७.५ कोटी डॉलरचा, बेनिन्टेंडीचा. बॉस्टनने क्रोशे आल्यावर चार महिन्यांत त्याच्याशी सहा वर्षांचा १७ कोटींचा करार केला. म्हणजे तो तुमच्याकडे टिकणार नव्हता. १२१ सामने हरलेली टीम दोन वर्षांत जिंकायला लागेल असंही कोणी म्हणत नव्हतं. अशा वेळी त्याला द्यायचं आणि काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, मायड्रॉथ आणि विकेलमन गॉन्झालेझ घ्यायचे, यात गैर काहीच नाही. टील जूनमध्ये वर आला आणि कॅचर असूनही .२७३ च्या सरासरीने बॅटिंग केली. पहिलं वर्ष म्हणून उत्तमच.

दुसऱ्या बाजूला क्रोशेने बॉस्टनसाठी १८ सामने जिंकले, २५५ बॅटर स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि साय यंग या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. तुमच्या मुलीने ज्याला निवडलं होतं तो खरंच तेवढा मोठा निघाला. हे तिला तुमच्या तोंडून एकदा तरी ऐकायला मिळालं का?

जरा तिच्या जागी बसून बघा. तिच्या आयुष्यात टीमने जे सगळ्यात वाईट वर्ष दाखवलं, जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ पराभवांची रांग लागली ते वर्ष, त्यात दर पाचव्या दिवशी एक सहा फूट सहा इंचांचा डावखुरा पिचर येऊन समोरच्यांची दाणादाण उडवायचा. १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइक आउट. बाकीचे चार दिवस विसरायचे आणि त्या एका दिवसाची वाट बघायची, अशी ती ते वर्ष जगली. तोच माणूस दुसऱ्याच्या कपड्यांत पुन्हा त्याच माउंडवर आला, नो-हिटरच्या, म्हणजे समोरच्यांना पूर्ण सामन्यात एकही हिट न देण्याच्या, उंबरठ्यावर पोचला, आणि तिच्या बाबांनी त्या क्षणी काय केलं, तर तिला हिशेब जिंकून दाखवला. मायड्रॉथच्या हिटने तुमचा आनंद होणं स्वाभाविक होतं, तुमच्या टीमचाच खेळाडू तो. पण "याला म्हणतात ट्रेड" हे वाक्य तुम्ही मैदानाकडे बघून म्हटलं नाही. तिच्याकडे बघून म्हटलंत.

तुम्ही डोंबिवलीचे, म्हणून एक आठवण करून देते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने रोहितचं कप्तानपद काढून हार्दिकला दिलं. त्याही निर्णयामागे कारणं असतील : वय, पुढची पाच वर्षं, नवी बांधणी. माझा सख्खा भाऊ ठाण्यात असतो. त्याच्याशी त्या आठवड्यात कोणी पुढच्या पाच वर्षांची भाषा केली असती तर त्याने फोन ठेवला असता. वानखेडेवर लोकांनी आपल्याच कप्तानाची हुर्यो केली, ती त्यांना क्रिकेट कळत नव्हतं म्हणून नव्हे. अशा वेळी माणसाला आधी कोणीतरी शेजारी बसून "वाईट झालं रे" म्हणावं लागतं. तुमच्या मुलीला ते मामाने म्हटलं असणार. ती त्याच्या बाजूला गेली त्याचं कारण रॉबर्ट नाही.

माझी टीम बॉल्टिमोर ओरिओल्स. त्यामुळे रीबिल्ड म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको. २०१८ मध्ये ११५ पराभव, २०१९ मध्ये १०८, २०२१ मध्ये ११०. २८ जुलै २०२२ च्या गुरुवारी दुपारी मी मुलाला घेऊन कॅम्डन यार्ड्सला, आमच्या टीमच्या मैदानावर, गेले होते. टीम त्या वर्षी अनपेक्षितपणे बरी खेळत होती आणि ट्रे मॅन्सिनी जाणार याची कुणकुण सगळ्यांना होती. मॅन्सिनी हा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून उठून पुन्हा खेळायला आलेला माणूस. बॉल्टिमोरमध्ये त्याच्यावर लोकांचा घरच्या मुलासारखा जीव. घरच्या मैदानावरचा तो त्याचा शेवटचा सामना ठरला. त्याने मारलेला बॉल उंच गेला, उन्हात समोरच्या उजव्या फील्डरला दिसलाच नाही, त्याच्या तोंडावर आपटून लांब गेला, आणि मॅन्सिनी धावत सुटला. पहिला बेस, दुसरा, तिसरा, आणि थेट होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण. माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई होत्या. त्या उभ्या राहून रडत होत्या आणि माझा हात धरून म्हणत होत्या, "याला विकणार आहेत, याला." ओळख ना पाळख, आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या.

चार दिवसांनी त्याला ह्यूस्टनला पाठवलं. बदल्यात दोन तरुण पिचर आले. आम्ही त्या वर्षी ८३ जिंकून प्लेऑफला थोडक्यात मुकलो आणि पुढच्या वर्षी १०१ सामने जिंकलो. मॅन्सिनीला ह्यूस्टनबरोबर वर्ल्ड सिरीजची अंगठी मिळाली. हिशेबाने बघितलं तर कोणाचंच नुकसान झालं नाही. माझा मुलगा आता कॉलेजात आहे. १०१ विजयांच्या वर्षातला कुठला सामना त्याला आठवतो म्हणून विचारलं तर त्याला विचार करावा लागतो. तो गुरुवार मात्र त्याला बॉलच्या आवाजासकट पाठ आहे. त्या दिवशी घरी येताना गाडीत मी त्याला काहीही समजावलं नव्हतं, एवढं एकच मी बरोबर केलं.

आता तुमच्या आईंच्या म्हणीकडे येते, कारण मला ती लाख मोलाची वाटते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी. रीबिल्ड म्हणजे नेमकं तेच असतं. रोख देऊन उधारी घ्यायची. ती उधारी वसूल होईल का आणि कधी, हे तुम्ही मुलीला ठामपणे सांगायला जाता, तिथे मी तुम्हाला अडवते. तुमच्याच टीमचा मागचा रीबिल्ड बघा ना. डिसेंबर २०१६ मध्ये ख्रिस सेल बॉस्टनला गेला आणि मोंकाडा, कोपेक असे चार जण आले. लगोलग ईटन वॉशिंग्टनला गेला आणि जियोलिटो, लोपेझ, डनिंग आले. पुढच्या जुलैत किंताना शिकागोतल्याच दुसऱ्या टीमला, कब्जला, दिला आणि एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस आले. जाणकारांनी तेव्हा या सगळ्याचं तोंड भरून कौतुक केलं होतं. मला आठवतं, आम्ही बॉल्टिमोरवाले हेव्याने बघायचो. त्यातून २०२० ला प्लेऑफ मिळाले, २०२१ ला ९३ विजय आणि आपल्या गटात (डिव्हिजनमध्ये) पहिला नंबर मिळाला. प्लेऑफचे सामने मात्र दोन वर्षांत मिळून दोनच जिंकले. २०२२ ला निम्मे हरले, २०२३ ला १०१ हरले आणि २०२४ ला १२१. एवढी मोठी उधारी, एवढीशी वसुली.

म्हणून रागावलेल्या मेहुण्याला "तुला खेळातलं कळत नाही" असं म्हणू नका. त्याने हे एकदा पूर्ण पाहिलेलं आहे. शिवाय त्याचा मुद्दा खरा आहे : तरुण पोरं तयार झाल्यावर त्यांच्या भोवती पैसा ओतावा लागतो. २०२१ ला ती वेळ आली होती आणि तेव्हा निक मॅड्रिगलसारखा तरुण सेकंड बेसमन देऊन क्रेग किंब्रेल हा पिचर आणला. तो काही चालला नाही आणि सेकंड बेसचं भगदाड उघडंच राहिलं. नुसते प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू पोरं, गोळा करून टीम होत नाही, हे मेहुणा म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने मत देईन.

पण त्याच हिशेबाची दुसरी बाजूही त्याला दाखवा. सेलच्या बदल्यात आलेला कोपेक २०२४ मध्ये डॉजर्सना गेला आणि मिगेल वार्गास आला. ईटनच्या बदल्यात आलेले जियोलिटो आणि लोपेझ २०२३ मध्ये एंजल्सना गेले आणि एडगर केरो आला. म्हणजे २०२५ मध्ये तुमच्याकडे रोज खेळलेली ही दोन पोरं २०१६ च्या ट्रेडची नातवंडं आहेत. नऊ वर्षं झाली तरी ते खातं बंद झालेलं नाही. मग क्रोशेच्या ट्रेडचा निकाल एप्रिलमधल्या एका हिटवर कसा लावता? तुम्हीही नका लावू आणि क्रोशेच्या साय यंगच्या मतांवर मेहुण्यालाही लावू देऊ नका.

आमच्याकडे २०१८ मध्ये मॅनी मचाडोच्या बदल्यात पाच जण आले. ज्याच्यासाठी तो सगळा ट्रेड केला असं सगळे म्हणत होते तो युस्निएल डियाझ ओरिओल्सकडून मेजर लीगमध्ये एकच सामना खेळला. ज्याच्याकडे फारसं कोणी बघितलं नव्हतं तो डीन क्रेमर २०२५ मध्येही आमचा पिचर होता. आणि तुम्हाला एक सांगू? त्याच २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट आठवा. पिचर ख्रिस सेल, बॅटर मॅनी मचाडो. सेलच्या स्लायडरवर मचाडो गुडघ्यावर आला आणि बॉस्टन जिंकलं. तुमच्या टीमने विकलेला पिचर आणि माझ्या टीमने विकलेला बॅटर जगाच्या समोर, आणि आपण दोघं आपापल्या घरी टीव्हीपुढे. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आपण जे गमावलं ते खरंच गमावलं होतं, आणि हे मोठ्याने म्हणायला हरकत नाही. त्यानंतर मी ट्रेडच्या बातम्या जास्त शांतपणे वाचायला लागले.

रॉबर्टचं. तुम्ही मत विचारलेलं नाही, पण भांडण त्यावरून झालं म्हणून देते. जुलै २०२५ मध्ये त्याला विकला नाही आणि मग २०२६ साठी २ कोटी डॉलर देऊन ठेवलं होतं. २०२३ मध्ये त्याने ३८ होम रन मारले होते. २०२५ मध्ये .२२३ ची बॅटिंग, १४ होम रन आणि वर दुखापत. अशा पडत्या भावात चार अनोळखी नावांसाठी त्याला सोडण्यापेक्षा मी जूनपर्यंत थांबले असते. सेंटर फील्डला तो तेव्हाही सुरेख पळत होता आणि त्या वर्षी त्याने ३३ बेस चोरले. कोणी खरोखर चांगला प्रस्ताव घेऊन आलं असतं तर दिला असता. म्हणजे तुमच्यात आणि मेहुण्यात मी मधेच उभी आहे. चकलीचं ताट बाजूला सारण्याएवढा हा प्रश्न नव्हता.

तुमच्या दोघांसाठी मात्र एक युक्ती सांगते. आमच्या घरी ती चालते. एक वही करा. ट्रेड झाला, कोणाला वर बोलावलं, कोणाला सोडलं, की त्याच आठवड्यात प्रत्येकाने तारीख घालून दोन ओळी लिहायच्या, सही करायची. वाद तिथे संपला. वही पुढच्या दिवाळीला उघडायची. २०२५ च्या एप्रिलमध्ये कोल्सन माँटगोमेरी या तुमच्या तरुण खेळाडूला बॅटिंग दुरुस्त करायला ॲरिझोनाला परत पाठवलं होतं. तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतं? तुमच्या मेहुण्याला आठवतं? जुलैत तो वर आला आणि ७१ सामन्यांत २१ होम रन मारले. शेन स्मिथचंही तसंच. तळाला राहिल्यामुळे रूल फाइव्हच्या ड्राफ्टमध्ये तुम्हाला पहिला नंबर मिळाला, मिलवॉकीने राखून न ठेवलेला हा पिचर जवळपास फुकटात आला, आणि तोच ऑल-स्टार झाला. हे आधी कोणी लिहून ठेवलं असतं तर ते पान आज चौकट करून भिंतीवर लावलं असतं. वहीत मुलीलाही एक पान द्या. तिने नको म्हटलं तर कोरं राहू द्या.

सिझन तिकिटांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल तर या वर्षी नका काढू. ८१ सामन्यांचा पास घरात पडला की तो तिच्यासाठी प्रश्न होऊन बसेल. त्यापेक्षा तिला एकदा मायनर लीगला, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या लीगला, न्या. शार्लट ही तुमची ट्रिपल-ए (मायनर लीगमधली सगळ्यात वरची) टीम लांब आहे, पण ती ज्या लीगमध्ये खेळते त्याच लीगमध्ये इंडियानापोलिस आहे, नेपरव्हिलहून गाडीने साधारण तीन-साडेतीन तास. वेळापत्रकात शार्लट तिथे कधी येते ते बघा. तिथे पोरं इतक्या जवळून दिसतात की बॅटला लावलेला चिकट पाइन टारही दिसतो. वीस-बावीस वर्षांची मुलं सामन्याआधी कुंपणाशी येऊन सह्या देतात. त्यांच्यातला कोण टिकेल याचं गणित जाताना गाडीत सांगत बसू नका. तिचं तिला कोणीतरी आवडू द्या. क्रोशेला तिने तसंच निवडलं होतं, तुमच्या शिफारशीवरून नाही.

आणि या सगळ्याआधी, आज-उद्या, तिच्याशी बोला. भाषण नको. "एप्रिलमध्ये मी ओरडलो ते मला करायला नको होतं, तुझा माणूस फार भारी पिचिंग करत होता" एवढंच. त्याला "पण" जोडू नका. टीलचं नाव काढू नका. ती "हं" म्हणेल आणि फोनमध्ये बघेल. चौदाव्या वर्षी तेवढं उत्तर पुष्कळ असतं. आमच्याकडे तर खांदा उडवण्यावर भागवलं जायचं. रीबिल्ड तिला पटवून देण्याचा प्रयत्न सोडून द्या. तिला तो कळतो. तुमच्यापेक्षा जास्त आकडे तिच्या जिभेवर असतील, अशी मला दाट शंका आहे.

बॉस्टन दरवर्षी एकदा शिकागोला येतं. तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, पण तिकिटं घाईने काढू नका. पिचरची पाळी पाचव्या-सहाव्या दिवशी येते, त्यामुळे कोणत्या दिवशी कोण हे दोन-तीन दिवस आधीच कळतं. क्रोशेचा दिवस नक्की झाला की तीन तिकिटं काढा, एक मामाचं. शर्ट घालायचा का हे तिला विचारू नका. त्याचा तिकडचा नंबर ३५ आहे, कारण ४५ बॉस्टनने पेड्रो मार्टिनेझसाठी कायमचा राखून ठेवलेला आहे. म्हणजे ४५ नंबरचा क्रोशे फक्त तुमच्याच गावात होता, फक्त तिने पाहिला तेवढाच. हे तिला माहीत नसेल तर तिथे बसल्यावर सांगा. मग तो माउंडवर येईल, समोर टील बॅट घेऊन उभा राहील, आणि तिने टाळ्या वाजवल्या की तुम्हीही वाजवा.